वादक रुसले आणि रोम अडलं

प्रश्न : प्राचीन रोममध्ये संगीत ही श्रीमंतांची करमणूकच होती ना?

करमणूक होतीच, पण तिच्यावाचून अडत नसे. विधीतल्या वादनावाचून मात्र अडे. इ.स.पू. 311मधला प्रसंग इतिहासकार लिव्हीने नोंदवला आहे. रोमनांचा मुख्य देव ज्युपिटर याच्या मंदिरात वादकांना पूर्वापार मिळणारी मेजवानी अधिकाऱ्यांनी बंद केली. सगळे वादक रुसून शेजारच्या टिबरला, म्हणजे आजच्या टिव्होलीला, निघून गेले. पुरोहित होते, बळीचे पशू होते, पण वाजवायला कोणी नाही. विधीच्या वेळी अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून वाद्य वाजलंच पाहिजे, अशी श्रद्धा होती. सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेने, दूत पाठवले. समजूत घालून वादक ऐकेनात, तेव्हा टिबरकरांनी सणाच्या निमित्ताने त्यांना घरोघरी बोलावून भरपूर दारू पाजली आणि झोपेतच गाड्यांत घालून रोमला पोचवलं. शेवटी मेजवानी परत मिळाली. शिवाय वर्षातून तीन दिवस सजूनधजून शहरभर गात-वाजवत फिरायची मुभाही. कलावंतांनी एकजुटीने हक्क मिळवल्याची इतकी जुनी नोंद मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : ग्रीक चित्रांत दोन नळ्या एकदम फुंकणारा वादक दिसतो. ती बासरी का?

नाही. तो ऑलोस. त्याच्या तोंडाशी फुंकल्यावर थरथरणारी पत्ती असते, त्यामुळे आवाज आपल्या सनईच्या जवळचा, खणखणीत. जोर टिकावा म्हणून काही वादक गालांवरून चामड्याचा पट्टा बांधत. अथेन्सच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी याच्या तालावर वल्ही मारत. इ.स.पू. 418मध्ये मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाचं सैन्य ऑलोसच्या सुरांवर संथपणे पुढे सरकलं. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस स्पष्ट लिहितो : हे देवासाठी नव्हतं, पावलं जुळावीत आणि रांग फुटू नये यासाठी होतं.

प्रश्न : प्लेटो संगीताच्या विरोधात होता?

उलट, संगीत माणसाचा स्वभाव घडवतं यावर त्याचा गाढ विश्वास होता. म्हणूनच त्याने आपल्या आदर्श नगरातून ऑलोस आणि रडके स्वरमेळ वगळले, लायर हे तंतुवाद्य ठेवलं. मला हा निर्णय पटत नाही. पण संगीताला इतकं गंभीरपणे घेणारे विचारवंत थोडेच.

प्रश्न : ते संगीत आज ऐकता येतं?

थोडंसं. तुर्कस्तानात आयदिनजवळ 1883मध्ये सापडलेल्या सैकिलोस नावाच्या माणसाने उभारलेल्या स्मृतिस्तंभावर एक छोटं गाणं अख्खं कोरलेलं आहे, शब्दांच्या वर स्वरचिन्हांसह. स्तंभ कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गाण्याची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतील.