गालापागोसला सहाच दिवस असतील तर

अरे सहा दिवसांत चार बेटं कोंबू नकोस, निम्मा वेळ बोटीतच जाईल. सांताक्रूझ आणि इसाबेला, बास. बाल्ट्राच्या विमानतळावर उतरायचं, तिथेच नॅशनल पार्कची 200 डॉलर फी भरायची, कॅशच ठेव. सांताक्रूझवरच्या पोर्तो आयोरा गावाहून इसाबेलाची स्पीडबोट साधारण दोन तास आणि ती जाम आदळते, त्यामुळे उलटीची गोळी आधीच घे आणि मागची सीट पकड, पुढे बसणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. इसाबेलावरच्या सिएरा नेग्रा ज्वालामुखीचा ट्रेक गाइडसोबतच करावा लागतो, पण ते अवाढव्य क्रेटर चुकवू नको. जून ते नोव्हेंबर पाणी गार, स्नॉर्कलिंगला वेटसूट हवाच, पेंग्विन दिसले तर नशीब. सी लायन तर बाकड्यावरच पसरलेले असतात, सेल्फीसाठी चिकटू नको, 2 मीटर लांब राहायचा नियम आहे.