मुलीच्या अभ्यासासाठी आणि घरच्या कामासाठी व्हीआर हेडसेट घ्यावा का, की दुसरं काही?

तुम्ही लिहिलंय की कांजूरमार्गला वन रूम किचनमध्ये राहता, मुलगी सातवीत आहे, आई घरून पोळीभाजीचे डबे देतात, आणि दिवाळीच्या बोनसमधले २५ हजार बाजूला काढलेत त्यात व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी जग बघायचा तो चष्मा) घेऊ की टॅब की अजून काही, जे मुलीच्या अभ्यासाला, आईच्या कामाला आणि थोडं खेळायलाही होईल. मी मुलुंडकडच्या एका शाळेत गेली १४ वर्षं लॅब असिस्टंट आहे आणि रविवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या खोलीत मुलांना घेऊन असल्याच वस्तूंशी खेळत बसते, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

आधी सरळ उत्तर देते, हेडसेट आत्ता घेऊ नका.

वस्तू वाईट आहे असं अजिबात नाही. माझ्या ओळखीतल्या एका शाळेने ४-५ हेडसेट घेतले होते, पहिले दोन आठवडे मुलं नुसती वेडी झाली, मग काय झालं तर एकाच्या डोक्यावर हेडसेट आणि बाकीची पस्तीस पोरं बाकावर बसून त्याच्याकडे बघतायत, त्याला आत काय दिसतंय हे सरांनाही दिसत नाही, मग चार्जिंग संपतं, मग अपडेट मागतं, मग वायफाय नाही, आणि आता ते कपाटात आहेत. घरातही तेच होणार, मुलगी एकटी आत आणि तुम्ही बाहेर. शिवाय डोळ्यांना वाटतं आपण फिरतोय आणि कानाच्या आतला जो तोल सांभाळणारा भाग असतो तो सांगतो की तू खुर्चीत बसलीयस, या भांडणात बऱ्याच जणांना मळमळतं, माझ्या भाच्याला तर दहा मिनिटांत उलटी झाली होती. जिथे खरी चूक केली तर जीव जाईल तिथे आभासी सरावाला तोड नाही, वैमानिक, सर्जन, क्रेन चालवणारे, अगदी लोकलच्या मोटरमनलाही सिम्युलेटरवर शिकवतात. सातवीच्या विज्ञानाला एवढं लागत नाही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते म्हणून सांगते. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँडने डोक्यावर लावायचा डिस्प्ले केला, तो इतका जड होता की छताला टांगावा लागायचा. त्याच वर्षी ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्टने भरलेल्या सभागृहात माउस चालवून दाखवला. माउस पुढे जगभर टेबलाटेबलावर गेला, हेडसेट अजून घराघरात जायचाच आहे. किंमत, वजन ही कारणं आहेतच, पण मला वाटतं की माउसने जे हलतं ते शेजारी बसलेल्यालाही दिसतं, तो म्हणू शकतो अगं तिकडे नाही, इकडे ने. म्हणून माझी कसोटी अशी आहे की हात लावला की लगेच काहीतरी झालं पाहिजे, चूक केली तर कळलं पाहिजे की काय चुकलं, आणि दोघांना मिळून बघता आलं पाहिजे. आपल्याकडच्या एवढ्याशा घरात तर हे तिसरं फारच लागतं.

आता कामाचं. पैसे न खर्च करता आज रात्रीच सुरू करता येईल असं म्हणजे फेट (PhET), स्क्रीनवर करायचे विज्ञानाचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वायमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, फुकट आहे, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालतो, बरेच प्रयोग मराठीतही आहेत. त्यातला सर्किट जोडायचा प्रयोग उघडा. आमच्याकडे दरवर्षी निम्म्या मुलांना वाटतं की दोन बल्ब एकामागे एक लावले तर पहिला बल्ब करंट खाऊन टाकतो आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. मी वर्षानुवर्षं फळ्यावर खोडून सांगितलं, मान डोलवतात आणि पेपरात परत तेच लिहितात. फेटमध्ये वायरीतून निळे ठिपके सरकताना दिसतात, बल्बच्या आधीही त्याच वेगाने आणि बल्बच्या नंतरही त्याच वेगाने, एक ठिपका कमी होत नाही. एक मुलगी त्या ठिपक्यांवर बोट ठेवून मोजत बसली होती आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, मॅडम मग संपतं काय? हा प्रश्न तिला पडावा म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा केला होता. त्यावर मग ऊर्जा आणि करंट वेगळे हे शिकवायला पाच मिनिटं लागली. आणि वायर नुसती बॅटरीच्या दोन टोकांना जोडली तर स्क्रीनवर बॅटरीला आग लागते, पोरं आधी मुद्दाम तेच करतात, करू द्या. मात्र त्यानंतर दोन टॉर्चचे सेल, दोन छोटे बल्ब आणि थोडी वायर आणून तेच हाताने जोडायला लावा, कारण होल्डरमध्ये बल्ब सैल बसलाय म्हणून लागत नाही हे स्क्रीन कधीच शिकवणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर दीक्षा या सरकारी ॲपचे क्यूआर कोड आहेत तेही स्कॅन करून बघा, पण तिथे जास्त करून बघायचं असतं, करायचं कमी.

दुसरं, आणि माझ्या जिव्हाळ्याचं, मेकी मेकी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी २०१२ मध्ये लोकांकडून पैसे उभे करून आणलेला छोटासा बोर्ड, कॉम्प्युटरला यूएसबीने लावायचा, त्याला क्लिपने केळं, बटाटा, पाण्याची वाटी, काहीही जोडायचं आणि ते कीबोर्डचं बटण होतं. आतली युक्ती सोपी आहे, प्रत्येक इनपुटला २२ मेगाओहमचा भलामोठा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा भाग, असतो, त्यापुढे माणसाच्या अंगाचा रोध काहीच नाही, म्हणून एका हातात बोर्डावरच्या अर्थ लिहिलेल्या टोकाची वायर धरून दुसऱ्या हाताने केळ्याला हात लावला की बोर्डाला वाटतं बटण दाबलं. भीती वाटेल म्हणून हिशोब देते, ५ व्होल्ट भागिले २२ मेगाओहम म्हणजे एका मायक्रोॲम्पिअरच्या पाव भागाहूनही कमी करंट, काहीही जाणवत नाही, तरी मी लॅपटॉप चार्जरवरून काढूनच वापरते. आम्ही नऊ मुलांना हात धरून गोल उभं केलं, पहिल्याच्या हातात अर्थ, शेवटच्याने चमच्याला हात लावला की तबल्याचा बोल वाजायचा. कोणी एकानेही हात सोडला की बंद. जुलैमध्ये सगळ्यांचे हात घामाने चिकट, एकदम झकास चालत होतं, जानेवारीत तोच खेळ अडखळायला लागला, तेव्हा एक मुलगा स्वतःच्या शर्टाला हात पुसत पुसत म्हणाला की ओल्या हाताने लावून बघूया का. बघितलं, वाजलं! सातवीतल्या मुलाने रोध आणि ओलावा यांचा संबंध स्वतः शोधला, याहून जास्त मला काय पाहिजे.

तिसरं टीचेबल मशीन, गुगलचं, फुकट, ब्राउझरमध्येच चालतं. कॅमेऱ्यासमोर वस्तू धरायची, हे अमुक, हे तमुक असं शिकवायचं आणि मग मशीन ओळखतं. आमच्या मुलांनी त्याला मेथी आणि शेपू शिकवली. शिकवणाऱ्या मुलीने धरली की दर वेळी बरोबर, तिच्या भावाने मेथी धरली तर मशीन म्हणतं शेपू. सगळी पोरं भाजी उलटसुलट करून बघतायत, शेवटी कळलं की मेथीचे सगळे फोटो तिने पांढऱ्या भिंतीपुढे काढले होते आणि शेपूचे खिडकीपुढे, भाऊ खिडकीपाशी उभा होता, मशीन भाजी शिकलंच नव्हतं, मागचा उजेड शिकलं होतं. आज जिकडेतिकडे एआय एआय चाललंय त्यात मुलीला हे एकदा स्वतःच्या हाताने कळलेलं असू द्या, पुढे कुठलंही ॲप छातीठोक काही सांगायला लागलं तर ती विचारेल की तुला शिकवलं कशावरून.

आईंचं सांगते. त्यांचे हात दिवसभर कणकेत, त्यांना स्क्रीनवर बोट लावायलाच लागू नये असं काहीतरी द्या. गुगलचं बोलून टाइप करणं २०१७ पासून मराठीत आहे आणि आता बरंच सुधारलंय, मात्र स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीत नाही चालत, आधी गॅस बारीक करून सांगायचं, उद्या बारा डबे, दोन बिनतिखट. नावं चुकतात, ती एकदा तपासायची. आणि गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा तो साउंडबॉक्स घ्या, त्यात स्वतःचं सिम असतं, मोबाईल शोधायला लागत नाही, मराठीत सांगतो. आमच्या भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशी त्याच्याकडे बघतही नाहीत, काटा धरलेल्या हाताने नुसतं ऐकून मान हलवतात, मला तरी हे व्हीआरपेक्षा पुढचं तंत्रज्ञान वाटतं. बोटाने टाइप करायचंच असेल तर आयआयटी बॉम्बेच्या आयडीसी या डिझाइन विभागात केलेला स्वरचक्र कीबोर्ड बघा, अक्षरं आपल्या कखगघच्या क्रमाने, क दाबला की भोवती का कि की कु असं चक्र उघडतं, माझ्या आईला इंग्रजी येत नाही, ती त्यावर पहिल्याच दिवशी लिहायला लागली.

खेळाचं म्हणाल तर त्यासाठी वेगळं मशीन नको. किनेक्ट आठवतंय, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला लावायचा तो कॅमेरा? २०१० ला आलं तेव्हा अंग हलवून खेळायचं म्हणून केवढी हवा होती, २०१७ ला बनवणं बंद. गुगलचा पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा २०१४ चा, २०२१ ला विक्री बंद. कंपनीने हात काढून घेतला की आपली वस्तू शोभेची होते, म्हणून मी अशातच पैसे घालायला सांगते जे उघडून दुसऱ्या कामाला लावता येईल.

म्हणजे २५ हजारांचं असं करा, घरात लॅपटॉप नसेल तर सेकंडहँड लॅपटॉप बघा, टॅब नको, त्याला असले बोर्ड जोडताना कटकट होते. हेडसेटची हौस असेलच तर आधी मुलीला कुठेतरी तिकीट काढून एकदा लावून बघू द्या. आणि त्याआधी एक अख्खा दिवस वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला न्या, १९८५ पासून आहे, तिथे हात लावू नका अशी पाटी शोधावी लागते, मुलगी कशापाशी जास्त वेळ रमते ते बघा, खरेदी त्यावर ठरवा.

मूळ मेकी मेकी महाग वाटला तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, आर्डुइनो म्हणजे आपण प्रोग्रॅम घालून चालवायचा छोटा बोर्ड, त्यातल्या लिओनार्डो जातीची नक्कल काही शे रुपयांत मिळते, तो बोर्ड कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसतो, २२ मेगाओहमचा रेझिस्टर नाही मिळाला तर १० चे दोन एकापुढे एक लावा, चालतं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. आणि केबल घेताना डेटावाली आहे ना हे विचारून, दुकानातच बोर्ड लावून दाखवायला सांगा, नुसती चार्जिंगची केबल असली तर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही.