नववीचे कमी गुण पुढे आडवे येतात का?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला अकरावी विज्ञान शाखेत शिकते. ती नववीत असताना तिच्या आईचे मोठे आजारपण निघाले. तीन महिने स्वयंपाक आणि धाकट्या भावाचे सगळे तिच्याकडेच होते. त्या वर्षी तिला ६१ टक्के मिळाले, गणितात तर ४८ गुण. दहावीत मात्र तिने ९३ टक्के मिळवले. पदवीसाठी अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत अर्ज करावा अशी तिची इच्छा आहे. पण तेथे नववीचेही गुण पाहतात असे कळल्यापासून ती खचली आहे. काय करावे? – एक पालक, औसा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षे मिळून माध्यमिक शिक्षणाचा एक टप्पा मानला जातो, त्यामुळे विद्यापीठे नववीपासूनची गुणपत्रके मागवतात. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववीचे प्रगतिपुस्तक कोणी पुन्हा उघडत नाही, म्हणून हे ऐकून धक्का बसणे स्वाभाविक आहे. मात्र सगळीकडे या गुणांचे वजन सारखे नसते. बर्कली आणि लॉस एंजेलिस ज्यात येतात त्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सरासरी काढताना दहावी आणि अकरावीचेच गुण धरतात. नववीचे विषय आणि गुण पाहिले जातात, पण सरासरीत येत नाहीत. हार्वर्डमध्ये गुणांची ठरलेली कट-ऑफ नाही. सर्व वर्षांचे गुण, विषयांची काठिण्यपातळी, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि एसएटी किंवा एसीटी परीक्षेचा निकाल हे सारे एकत्र वाचले जाते. तेथे सर्व वर्षी उत्तम गुण असलेल्यांनाही मोठ्या संख्येने नकार मिळतो, त्यामुळे ६१ टक्क्यांचा काहीच परिणाम होणार नाही असे मी म्हणणार नाही. पण ६१ वरून ९३ वर गेलेली मुलगी वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मला काळजी वाटते ती तिच्या चालू वर्षाची. तेथील बहुतेक अर्ज बारावीत असतानाच, १ नोव्हेंबर किंवा साधारण १ जानेवारीपर्यंत जातात आणि बहुतेक निर्णय मार्चअखेर कळतात. आपल्या मंडळाचा बारावीचा निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे अर्ज वाचला जातो तेव्हा पूर्ण झालेले शेवटचे वर्ष अकरावीचे असते. लातूरमध्ये नीट आणि जेईईच्या तयारीत ‘अकरावी पास झाली की पुरे’ असे सर्रास म्हटले जाते, महाविद्यालयाच्या घटक चाचण्या बुडवल्या जातात, आणि नेमके तेच गुण पुढे परदेशी पाठवावे लागतात. तिने महाविद्यालयात नियमित जावे, कारण शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांना ती चेहऱ्याने आणि कामाने माहीत असायला हवी.

नववीचे निकालपत्र आताच शाळेतून मागून घ्या. मूळ प्रत हरवली असेल, तर मुख्याध्यापकांना अर्ज देऊन शाळेच्या दप्तरातून सही-शिक्क्याची दुय्यम प्रत मिळवा आणि मराठी असल्यास तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. टक्क्यांचे अमेरिकी श्रेणीत रूपांतर स्वतः करू नका; गुण आहेत तसेच द्यावेत. आजारपणाचा उल्लेख अर्जातील अतिरिक्त माहितीच्या रकान्यात चार-पाच वाक्यांत करावा : कोणत्या महिन्यांत काय घडले, घरी तिच्यावर कोणती कामे होती, गणित पुढे तिने कसे भरून काढले. त्यात करुणा भाकू नये. महाविद्यालयाच्या पत्रातही तेच आले तर अधिक बरे. आणि कृपा करून तिला एवढे सांगा की आईच्या आजारपणात घर सांभाळणे हा तिचा दोष नव्हता.

प्रश्न : मला दहावीत ७८ टक्के मिळाले. आयआयटीचे दार बंद झाले का? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. आयआयटीतील बी.टेक.चा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता क्रमांकावर होतो, त्यात दहावीचे गुण धरले जात नाहीत. बारावीला मात्र ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते, ही अट विसरू नका. पुढे व्यवस्थापनाकडे वळलात, तर आयआयएम बंगळूरसारख्या संस्था मुलाखतीसाठी निवड करताना कॅट या प्रवेश परीक्षेच्या जोडीला दहावी-बारावीचे गुणही धरतात.