वाचकांचे प्रश्न : वस्तीविषयी आपलेपणा कशाने येतो?

प्रश्न : जळगावातील आमच्या नव्या वसाहतीत रस्ते आणि पाणी यांची सोय चांगली आहे, तरीही येथे कोणाला आपलेपणा वाटत नाही. असे का व्हावे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : रस्ते-पाणी हवेच, मात्र तेवढ्याने जीव जडत नाही. नाइट फाउंडेशन ही दानसंस्था आणि गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था यांनी 2008 ते 2010 या काळात अमेरिकेतील 26 शहरांमध्ये केलेल्या पाहणीत रहिवाशांच्या जिव्हाळ्याशी सर्वांत घट्ट नाते तीन गोष्टींचे आढळले : लोकांनी एकत्र येण्याच्या जागा व प्रसंग, नवख्यांना सामावून घेण्याची वृत्ती आणि परिसराचे देखणेपण.

खानदेशात पहिल्या गोष्टीचा दाखला कानबाई या देवीच्या उत्सवात मिळतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा पुणे-सुरतेला स्थायिक झालेले भाऊबंद गावी परततात, रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातील माणशी सव्वा मूठ गहू मोजून घेतले जातात, रात्र जागरणात जाते आणि सोमवारी साऱ्या गल्लीतून वाजतगाजत विसर्जनाची मिरवणूक निघते. घरातल्या प्रत्येकाची मूठ त्यात मोजली जाते, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या वसाहतीत मोकळा भूखंड असेल, तर तेथे आधी निंबाची झाडे आणि बसायला ओटे करा; हिवाळ्यात भरीत-पुरीचा बेत ठरवा आणि भाडेकरूंच्या घरीही आवर्जून बोलावणे धाडा, कारण बहुतेक ठिकाणी त्यांनाच वगळले जाते.