मॉरिशसच्या एका बाईंशी डीएनए जुळला. त्या आमच्या खापरपणजोबांच्या भावाच्या वंशातल्याच असतील का?

तुम्ही लिहिलंय की खापरपणजोबांचे धाकटे भाऊ सखाराम इंग्रजी अमदानीत मॉरिशसला उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात ऐकलंय. नावाचीही खात्री नाही. आता चाचणीत तिथल्या एका बाईंशी 38 सेंटीमॉर्गन (दोघांत सारख्या असलेल्या डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं माप) जुळलंय, तर नातं पक्कं धरावं का?

इतक्यात धरू नका. मी धरलं होतं आणि त्यापायी दीड वर्ष भलत्याच दिशेने माग काढत बसले.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आमच्या घराण्यातल्या एका पूर्वजाबद्दल आजी सांगायची, "बाबाजी मोरसला गेला." जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायची, त्यामुळे मोरस म्हणजे मॉरिशस हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. पुढे मी लाळेची चाचणी केली, तिथल्या एका ताईंशी 41 सेंटीमॉर्गन जुळलं आणि मी सगळ्या भावकीला फोन केले. काही महिन्यांनी माझ्या मैत्रिणीनेही चाचणी केली. ती आमच्याच जातीची, पण खेडकडची. दोन्ही घरांत सोयरीक झाल्याचं कुणालाच आठवत नाही. तिचंही त्याच ताईंशी 29 जुळलं! त्या दिवशी माझ्या 41 चा अर्थ बदलला.

कारण सरळ आहे. आपण शेकडो वर्षं जातीतच, तेही ठरावीक गावांतच लग्नं करत आलो. त्यामुळे दूरदूरच्या पूर्वजांचे बारीक तुकडे दहा वाटांनी आपल्यापर्यंत पोचतात आणि बेरीज फुगते. मॉरिशसच्या मराठी घरांनीही बरीच वर्षं आपापसातच लग्नं केली. त्या बाईंच्या खापरपणजोबांच्या पिढीत सोळा माणसं येतात. त्यांतली निम्मी जरी कोकण-साताऱ्याकडची असली, तरी तुमचे 38 त्यांतल्या कुणाकडूनही आलेले असू शकतात.

आता तुमचं नातं मोजू. खापरपणजोबांच्या भावाची तितक्याच पिढीतली वंशज म्हणजे तुमचे दोघांचे सामाईक पूर्वज आणखी एक पिढी वर. एवढ्या लांबच्या भावंडांत जुळलं तर सरासरी 35 च्या आसपास जुळतं, म्हणून तुमचा आकडा अगदी चपखल वाटतो. पण खऱ्याखुऱ्या नात्यातही अशा जोड्यांपैकी जवळपास निम्म्यांत काहीच जुळत नाही. म्हणजे जुळलं म्हणून सिद्ध होत नाही, आणि नाही जुळलं म्हणून खोटंही ठरत नाही.

एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती आहे ते बघा. सात-आठचे पाच तुकडे मिळून 38 होत असतील तर तो जातीचा सामाईक वारसा असण्याचीच शक्यता जास्त. एकच तुकडा वीस-पंचविसाचा असेल तर मात्र पुढे जायला अर्थ आहे. माझ्या 41 मधला सर्वांत लांब तुकडा फक्त 11 चा होता. आणि चाचणी स्वतःच्या आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करा. तुमचे वडील, आत्या किंवा चुलत आजोबा एक-दोन पिढ्यांनी जवळ आहेत, त्यांच्याकडे तुकडे मोठे उरलेले असतात. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. आमचे मोठे काका किट घरी यायच्या पंधरा दिवस आधी गेले.

तरीही खरी किल्ली कागदात आहे आणि ती मॉरिशसला आहे. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर उतरले. बहुतेक कलकत्त्याहून गेले, मग मद्रासहून. मुंबईहून त्या मानाने थोडे, आणि त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं बरीच. प्रत्येकाला एक नंबर मिळे. रजिस्टरात त्या नंबरापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, जहाज अशी माहिती असते, कधी गावही. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, त्यामुळे त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या माणसाचाही फोटो निघू शकतो.

पण इथून तुम्ही नुसतं 'सखाराम' विचारून काही निघणार नाही. तिथल्या वंशजाने आपल्या घरातले जन्माचे आणि लग्नाचे दाखले एकेक पिढी मागे नेत मूळ माणसाच्या नंबरापर्यंत पोचायचं असतं. म्हणून त्या बाईंना आधी साधं, सविस्तर पत्र लिहा. "आपण नातेवाईक आहोत" असं सुरुवातीलाच म्हणू नका. त्यांच्या घरातला पहिला माणूस कोण, नंबर माहीत आहे का, एवढंच विचारा. आणि आपलं आडनाव तिकडे शोधू नका. तिथे उतरलेल्याचं पाळण्यातलं नावच पुढे मुलांचं आडनाव झालं. त्यामुळे बापू, रामजी ही तिथे आडनावं आहेत.

आमच्या ताईंनी पाठवलेला उतारा अजून माझ्या फोनमध्ये आहे. नाव बाबाजी, बाप रामजी, वय 24, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण. गावाच्या रकान्यात इंग्रज कारकुनाने जे लिहिलंय ते मोठ्याने चार वेळा वाचल्यावर 'सुंगमेश्वुर' ऐकू आलं. गावाचं नाव विचारल्यावर त्याने तालुक्याचं सांगितलं असावं. मुंबईत बसून मीही पुण्याच्या माणसाला तेच सांगते.

इकडची बाजू तुम्हालाच उभी करायची आहे. तलाठ्याकडचे जुने फेरफार, गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, खोती गाव असेल तर बोटखत (खोताच्या वसुलीची नोंदवही), आणि घरातली ट्रंक, यातलं काही सोडू नका. त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. बरंचसं मोडीत असेल. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, तरी चांगला जाणकार जिल्ह्याच्या गावी मिळतो. कागदावरच्या शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसली सनात साधारण 590.

आमच्या ट्रंकेत शके 1779 चं, म्हणजे 1857 च्या सुमाराचं गहाणखत निघालं. वाचणारे गुरुजी बोट ठेवत ठेवत आले आणि एका ओळीवर थांबले: "बाबाजी बिन रामजी परागंदा, सबब त्याचा हिस्सा..." म्हणजे रामजीचा मुलगा बाबाजी गाव सोडून गेलेला. पुढचा कागद वाळवीने खाल्लेला. परागंदा हा शब्द मी तोवर शंभरदा वाचला असेन, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. घरातलं माणूस नाहीसं झाल्याची लेखी खूण तेवढीच होती.

त्यानंतर आम्ही वाय गुणसूत्राची चाचणी केली. ते बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून ती फक्त मुलगा-बाप-आजोबा अशा सरळ रेषेतल्या पुरुषांची करता येते. इथून माझा चुलतभाऊ, तिकडून ताईंचे काका, कारण बाबाजी त्यांच्या वडिलांच्या सरळ रेषेत येतात. 37 पैकी 36 खुणा जुळल्या. (नुसता हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या पूर्वजावरून पाडलेला मोठा गट, एक आला तर हुरळून जाऊ नका, एकेका गटात लाखो माणसं असतात.) पण वाय गुणसूत्र कूळ सांगतं, भाऊ सांगत नाही. आमच्या भावकीत त्याच काळात बाबाजी नावाचे दोन होते, चुलत भाऊ, आणि दुसऱ्याच्या बापाचं नाव कुठल्याच कागदावर सापडलेलं नाही. तेव्हा ताई आमच्या भावकीतल्या आहेत हे मी छातीठोकपणे सांगते. आजीचा बाबाजी तोच का, हे अजून सांगत नाही.

एक विनंती. वडीलधाऱ्यांची लाळ घेण्याआधी त्यांना नीट सांगा की यातून घरातलं न बोललेलंही बाहेर येऊ शकतं, कुणाचा बाप वेगळा निघू शकतो. आमच्या एका नात्यातल्या काकूंनी हे ऐकून नको म्हटलं आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही.

त्या बाईंकडून रजिस्टराचा उतारा आला आणि गावाचं नाव लागलं नाही तर तो रकाना इथे टाका. राजापूर-संगमेश्वरकडची गावं असतील तर मी वाचून बघते.