कळव्यातून यूकेला गायनॅकसाठी निघण्याआधी

तू विचारलंस, कळव्याच्या राजीव गांधी मेडिकल कॉलेजमधली इंटर्नशिप संपत आलीय, गायनॅकच करायचंय, तर नीट पीजीचा अभ्यास करू की प्लॅब (परदेशी डॉक्टरांना यूकेत नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा) देऊन थेट यूकेला येऊ? मीही ठाण्याचीच, इथे यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, याच विषयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं ऐकशील तर आधी तिकडेच एमएस, म्हणजे गायनॅकची पदव्युत्तर पदवी, कर.

इथलं गायनॅकचं ट्रेनिंग एसटी१ ते एसटी७, म्हणजे सात वर्षांचं. आत शिरायला एमएसआरए परीक्षा आणि मुलाखत. प्लॅब पास झालेली आपली मुलं साध्या नोकरीसाठी महिनोन् महिने अर्ज करत बसलीयत. त्यात २०२५ च्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारनं सांगून टाकलं, की ट्रेनिंगच्या जागांसाठी इथे शिकलेल्यांना आणि एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य मिळेल. नुसत्या एमबीबीएसवर येऊन त्या रांगेत उभं राहू नकोस.

शिवाय हात कळव्यातच तयार होतो. मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतच्या बायका तिथे येतात. झटके आल्यावरच आणलेली एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या झटक्यांची) बाई, हिमोग्लोबिन पाचवर असताना कळा सुरू झालेली बाई, अशा केसेस तुझ्यासमोर येतील. इथे साधी बाळंतपणं मिडवाइफ करतात, डॉक्टरला बोलावतात ते काही अडलं तरच. त्यामुळे पहिली काही वर्षं हातांना काम कमी आणि कागदांना जास्त.

मग इथे यायचं कशाला? शिकवण्याच्या पद्धतीसाठी. फोर्सेप्स लावून बाळ काढलं की सिनिअर शेजारी बसते, ओसॅट्सचा, म्हणजे हातातलं कौशल्य तपासण्याचा, फॉर्म उघडते आणि विचारते: डोक्याची पोझिशन कशावरून ठरवलीस? ओढ किती वेळा दिलीस? कुठे थांबायचं ठरवलं होतंस? सीटीजीची, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची, पट्टी तासातासानं दुसऱ्या कुणीतरी नव्यानं बघायची, हा नियमच. रात्री तीन वाजता तू थकलेली असतेस, तेव्हा ही दुसरी नजर बाळाचा जीव वाचवते.

आपल्याकडे चांगल्या मुली हा विषय सोडतात ते कष्टांना घाबरून नाही. नवी मुंबईत मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आरएमओ (निवासी डॉक्टर) होते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं एक बाई दगावली. नातेवाईक अंगावर धावून आले, आणि व्यवस्थापनातलं कुणीही खाली आलं नाही. पुढच्या काही महिन्यांत माझ्यासोबतची एक जण रेडिओलॉजीला गेली. तिच्यासारखी टाके घालणारी मी आजवर पाहिली नाही. ज्या विषयात शिरोडकर स्टिच (गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या तोंडाला घालतात तो टाका) जगानं मुंबईच्या डॉक्टरकडून घेतली, त्यातले हात असे वाया जातात याचं मला फार वाईट वाटतं.

इथे मला टिकवलं ते अर्धवेळ ट्रेनिंगच्या सोयीनं. मुलगी लहान असताना मी ऐंशी टक्के वेळ काम केलं. ट्रेनिंग लांबलं, सुटलं नाही. म्हणून इथे सगळं गोडच आहे असं समजू नकोस. श्रूजबरी-टेलफर्डच्या प्रसूती विभागावरच्या २०२२ च्या ऑकेंडेन अहवालात देशभरासाठी ज्या सुधारणा सुचवल्या, त्यात पहिला मुद्दा मनुष्यबळाचाच होता. रोटावरच्या (ड्यूटीच्या तक्त्यावरच्या) रिकाम्या जागा आम्ही रोज बघतो.

तुझा रस्ता मला असा दिसतो. एमएस करतानाच एमआरसीओजी, म्हणजे इथल्या गायनॅकच्या तीन भागांच्या परीक्षेचा, पार्ट १ देऊन टाक, ती भारतातूनच देता येते. एमएसनंतरचा एक वर्षाचा सक्तीच्या सेवेचा बॉन्ड हिशेबात धर. तिन्ही पार्ट झाले की जीएमसीच्या, म्हणजे इथल्या वैद्यकीय परिषदेच्या, नोंदणीसाठी प्लॅब लागत नाही, इंग्रजीसाठी मात्र आयईएलटीएस किंवा ओईटी लागतेच. आणि ठाण्यातच परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल, तर परदेशी डॉक्टरांसाठीची एमटीआय योजना बघ. जास्तीत जास्त २४ महिने इथे शिकायचं आणि परत जायचं. तुझं घर, तुझी माणसं बघता मला तरी हाच पर्याय जास्त पटतो. गर्भनिरोधन, गर्भपात, मेनोपॉज एवढ्यातच रस असेल तर त्याचं वेगळं सहा वर्षांचं ट्रेनिंग आहे, पण जागा फार थोड्या.

एमएसच्या पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेव. प्रत्येक सिझेरियन, प्रत्येक व्हॅक्यूम, कुणाच्या देखरेखीखाली केलं ते लिही, आणि मॅडमची सही त्याच आठवड्यात घे. इथे नोकरीला अर्ज करताना तेच मागतात, आणि तोवर मॅडम निवृत्त झालेल्या असतात.