पणजीचं माहेर शोधताय?

कुळवृत्तान्तात (घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकात) ‘भार्या लक्ष्मी’ एवढंच सापडलं म्हणून थांबू नका. ते नाव बहुधा सासरचं. पाळण्यातलं वेगळं असू शकतं. पणजोबांची दोन लग्नं झाली असतील तर दोघी बायका ‘लक्ष्मी’च निघू शकतात! मुलांच्या जन्मसालांशी ताडून बघा. मग तहसील कचेरीत जुना गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही) आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) मागा. नवरा तरणा वारला असेल तर मुलांच्या नावापुढे ‘अज्ञान पालनकर्ती आई लक्ष्मीबाई कोम गणेश’ असं सापडू शकतं; म्हणजे मुलं अज्ञान (वयाने लहान), सांभाळणारी आई लक्ष्मीबाई, ‘कोम’ म्हणजे गणेशची बायको. मजकूर मोडीत असेल तर जाणकार गाठा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी) मात्र संभाव्य माहेरच्या आडनावाखालीही उघडायला लावा. भावाने तिथे लेख (घराण्याची नोंद) लिहिताना बहिणीचं नाव घातलेलं असू शकतं. नात्यातल्या आजी ठामपणे सांगतात ते आडनाव तूर्त पेन्सिलीनेच लिहा.